पीतांबरी नीलम घालू का? शनी हवा आहे, पण गुरूही सोबत येतोय

भांडुपहून एका मुलीने विचारलं आहे. जन्म मुंबईचा, एप्रिल २००० चा पहिला आठवडा, सकाळी आठ पन्नास. वृषभ लग्न (विवाह नव्हे, जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), मीन रास, उत्तराभाद्रपदा नक्षत्र. तीन वर्षं नोकरी कंत्राटावर आहे, कायम होता होता राहते. घरात लग्नाचं बोलणं सुरू झालंय, तेही पुढे सरकत नाही. त्यांच्या ज्योतिषांनी सांगितलं, "पत्रिकेत गुरू-शनी एकत्र आहेत आणि साडेसाती चालू आहे, तेव्हा सव्वासहा रत्तीचा पीतांबरी नीलम घाला." झवेरी बाजारात एक खडा त्यांना आवडलाय, अर्धा निळा, अर्धा पिवळा. भाव रत्तीला बारा हजार. आई त्यासाठी एफडी मोडायला तयार आहे. खडा घ्यावा का?

मी भूशास्त्र शिकले, मग रत्नपरीक्षेचा अभ्यास केला आणि ज्योतिष ठाकूरद्वारच्या एका वृद्ध गुरुजींकडे बसून शिकले. गेली अठ्ठावीस वर्षं खडे आणि पत्रिका दोन्ही पाहते आहे. त्यामुळे दगडाची बाजू आणि शास्त्राची बाजू, दोन्हींकडून सांगते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: कुरुंदाची रचना, रंग, भट्टी याबद्दल जे लिहीन ते प्रयोगशाळेत तपासून पाहता येतं. ग्रह आणि रत्नांचं नातं ही आपली परंपरा आहे. तिच्यावर माझी श्रद्धा आहे, पण ती यंत्रावर मोजून दाखवता येत नाही. या दोन्हींची सरमिसळ झाली की गिऱ्हाईक फसतं.

तुमचा प्रश्न खड्यापासून सुरू झालाय. मी तो थोडा मागे नेते. पीतांबरी नीलम हा दोन ग्रहांचा खडा मानला जातो, निळा भाग शनीचा आणि पिवळा भाग गुरूचा. घातला की दोघांनाही बळ मिळणार, एकालाच नाही. तेव्हा पाहायचं ते हे, की तुमच्या लग्नाला हे दोन्ही ग्रह बलवान झालेले चालणार आहेत का.

आधी दगड समजून घेऊ, कारण "दोन रंग" म्हणजे नेमकं काय यावरच बाजारात निम्मा गोंधळ आहे.

माणिक, नीलम आणि पुष्कराज ही तिन्ही एकाच खनिजाची रूपं आहेत. ते खनिज म्हणजे कुरुंद. धार लावायच्या दगडात जो कुरुंद असतो तोच हा, फक्त पारदर्शक आणि स्वच्छ. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. त्यात क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम जोडीने आले की निळा, आणि टायटॅनियमची साथ नसताना लोह असेल तर बहुधा पिवळा. स्फटिक जमिनीच्या पोटात लाखो वर्षं थराथराने वाढतो. त्या काळात आजूबाजूच्या खडकातून मिळणारं टायटॅनियम कधी वाढतं, कधी आटतं. जिथे ते होतं तो थर निळा, जिथे नव्हतं तो पिवळा किंवा पांढरा. इतकंच त्याचं गुपित आहे. दोन रंग दिसले म्हणजे दोन दगड एकत्र आले असं नाही, एकाच स्फटिकाच्या दोन वयांची ती खूण असते.

आता यातली खाचाखोच. श्रीलंकेत रत्नपूरच्या कारागिरांचं एक जुनं कसब आहे. कच्च्या दगडात निळ्या रंगाचा एवढासाच ठिपका असेल, तर पैलू पाडताना तो ठिपका ते खड्याच्या खालच्या टोकाशी आणून ठेवतात. वरून पाहिलं की प्रकाश त्या टोकावरून परतताना निळा होऊन येतो आणि अख्खा खडा निळा भासतो. आडवा धरला तर वरचा भाग फिका किंवा पिवळसर. असा खडा एकाच गल्लीत सकाळी "नीलम" म्हणून आणि दुपारी "पीतांबरी" म्हणून विकायला निघालेला मी पाहिला आहे. माझ्या गुरुजींचा नियम साधा होता: पीतांबरी म्हणायचं तर दोन्ही रंग वरून, अंगठीत बसल्यावर दिसतील तसे, वेगवेगळे दिसले पाहिजेत. नुसत्या कडेने दिसणारा पिवळेपणा धरायचा नाही. माझ्यासारखे काही हा नियम पाळतात, बरेच जण पाळत नाहीत. तुमच्या ज्योतिषांना त्यांचं मत जरूर विचारा.

आणखी एक. निळा नि पिवळा एकमेकांवर पडले की डोळ्याला हिरवा दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधून निळा-हिरवा-पिवळा असा गडद नीलम येतो, त्याला व्यापारात पार्टी सफायर म्हणतात. हल्ली साखरपुड्याच्या अंगठ्यांत त्याला परदेशात मोठी मागणी आहे आणि दिसायलाही तो देखणा असतो. पण हिरवी झाक बुधाची, अशी आपल्याकडची समजूत. त्यामुळे हिरव्या छटेचा खडा मी पीतांबरी म्हणून कुणाला देत नाही. मुंबईच्या धनजी स्ट्रीटवर तो त्या नावाने मिळतो, हे मात्र खरं.

आता शास्त्राकडे येऊ. नऊ ग्रहांची नऊ रत्नं सांगणारा श्लोक फलदीपिकेसारख्या ज्योतिषग्रंथांत आहे. गुरूला पुष्पराग (पुष्कराज) आणि शनीला नील, आणि त्या नीलाला तिथे "निर्मल" असं विशेषण आहे. पीतांबरी नीलम असं वेगळं रत्न त्या नवरत्नांत नाही. उलट जुन्या रत्नपरीक्षेत माणकाचे जे दोष मोजले आहेत त्यांत "द्विच्छाय", म्हणजे दोन छटांचा, हा एक दोषच आहे. म्हणून काही परंपरानिष्ठ ज्योतिषी दुरंगी खडा मुळीच सुचवत नाहीत. त्यांना चूक म्हणणारी मी कोण? दुसऱ्या बाजूला, गुरू आणि शनी नैसर्गिक मैत्रीच्या कोष्टकात एकमेकांना सम आहेत, शत्रू नाहीत. त्यामुळे त्यांचे रंग एका दगडात निसर्गानेच आणले असतील तर तो वापरायला हरकत नाही, असं मानणारीही मोठी परंपरा आहे. मी या दुसऱ्या मताची आहे, पण अटींसह.

याच्याच शेजारी रक्तमुखी किंवा खुनी नीलम बसतो, निळ्यात लाल-जांभळी झाक असलेला. तिथे शनीसोबत रवी-मंगळ येतात आणि शनीचं त्या दोघांशी वैर आहे. तो मी आजवर कुणालाही दिलेला नाही. दुकानात कुणी "त्याच भावात हाही बघा" म्हणून पुढे केला, तर हातही लावू नका.

अटी म्हणजे लग्न. इथे जरा सावकाश वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं मर्म इथेच आहे. शनी सगळ्यात शुभ कुणाला? वृषभ आणि तूळ लग्नाला, तिथे तो योगकारक, म्हणजे विशेष शुभ फळ देणारा, होतो. लग्नापासून मोजलेल्या बारा घरांपैकी वृषभेला तो नवम-दशमाचा स्वामी, तुळेला चतुर्थ-पंचमाचा. नेमकं याच दोन लग्नांना गुरू काय करतो पाहा. वृषभेला तो अष्टम आणि लाभाचा (अकराव्या घराचा) स्वामी, तुळेला तृतीय आणि षष्ठाचा. म्हणजे ज्यांना नीलम सगळ्यात जास्त मानवतो, त्यांनाच पुष्कराज सगळ्यात जपून द्यावा लागतो. उलट कर्क, सिंह, वृश्चिक, धनू, मीन या लग्नांना गुरू भाग्याचा (नवमाचा), पंचमाचा किंवा खुद्द लग्नाचा स्वामी, पण त्यांच्याकडे शनीचं घराणं तितकं सोज्ज्वळ नाही. कर्केला तो सप्तम-अष्टमेश, सिंहेला षष्ठ-सप्तमेश. दोन्ही ग्रह एकाच वेळी निर्धास्तपणे जागवावेत अशी लग्नं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत. कुंभ बऱ्यापैकी बसतं, शनी स्वतः लग्नेश आणि गुरू धन-लाभाचा स्वामी. मेष बसतं, गुरू भाग्येश आणि शनी दशम-लाभाचा, जरी मेषेसारख्या चर लग्नाला लाभेश बाधक, म्हणजे अडथळे आणणारा, मानतात हे लक्षात ठेवावं लागतं. मिथुनेला शनी भाग्येश आणि गुरू दशमेश, धर्मकर्माधिपतींची जोडी, पण शनीच्या पाठीला अष्टमही लागलेलं. तिथे दोघे बसलेत कुठे हे पाहिल्याशिवाय मी बोलत नाही.

हे मी शिकले ते चुकून. धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत एक तूळ लग्नाचे गृहस्थ आले होते. शनी उत्तम होता, गुरूची दशा, म्हणजे त्याच्या अंमलाचा काळ, सुरू होणार होती. मी विचार केला, दोघांचाही मान राखू, आणि पीतांबरी दिला. सहा-आठ महिन्यांत सख्ख्या भावाशी जागेवरून कोर्टकचेरी लागली. तृतीय भाऊबंदांचं, षष्ठ वादाचं, आणि गुरू दोन्हींचा स्वामी. ती भांडणं खड्यामुळेच लागली असं मी छातीठोक सांगू शकत नाही, चाळीतल्या जागांवरून भांडणं खड्यांशिवायही होतात. पण पत्रिका समोर असताना षष्ठेशाला बळ देणारा खडा मी माझ्या हाताने दिला, ही माझी चूक होतीच. तेव्हापासून दुरंगी खडा देताना दोन ग्रहांची दोन वेगळी टिपणं काढते आणि दोन्हींच्या खाली "चालेल" लिहिता आलं तरच पुढे जाते. याउलट कुंभ लग्नाचे एक बँकेतले गृहस्थ आहेत, त्यांनी बारा वर्षांपूर्वी घातलेला पीतांबरी आजही बोटात आहे. दर दोन वर्षांनी पकड तपासायला येतात आणि समाधानी असतात.

आता तुमची पत्रिका. ज्योतिषांनी सांगितलेलं अर्धं बरोबर आहे. एप्रिल २००० च्या त्या दिवसांत मेषेत मंगळ, गुरू आणि शनी तिघेही होते. मे महिन्याच्या अखेरीस गुरू-शनींची अंशात्मक युती झाली, तिच्या आधीचे हे आठवडे. त्या वर्षी जन्मलेल्या बऱ्याच मुलामुलींच्या पत्रिकेत ही युती दिसते, त्यामुळे गेल्या दोन-तीन वर्षांत पीतांबरीची विचारणाही वाढली आहे. पण युती आहे म्हणून दुरंगी खडा, हा सरधोपट हिशेब झाला. युती कोणत्या घरात आहे आणि त्या घरात बसलेले कोण कुठल्या घरांचे मालक आहेत, हे बघायला हवं.

वृषभ लग्नाला ही मेष व्ययात, म्हणजे खर्चाच्या बाराव्या घरात, येते. शनी तुमचा योगकारक, पण मेषेत नीचेचा, म्हणजे दुबळा, आणि तोही वीस अंशांच्या जवळ, म्हणजे परम नीचापाशी. सोबत स्वराशीचा मंगळ आहे, राशिस्वामी जोडीला बसल्याने नीचभंग होतो, म्हणजे तो दुबळेपणा भरून निघतो, असं मानतात. तो आधार चांगला आहे. गुरू मात्र तुमचा अष्टमेश-लाभेश, तोही व्ययात. पीतांबरी घातला तर बिचाऱ्या योगकारकासोबत व्ययातला अष्टमेशही जागा होणार. अडकलेली बढती सोडवायला निघालो आणि खर्च नि अनपेक्षित उलथापालथीच्या घराला हात लावला, असं व्हायचं. म्हणून या पत्रिकेला पीतांबरी नीलम मी देणार नाही.

मग नुसता नीलम? इथे जाणकारांत मतभेद आहेत. एक मत असं की योगकारक नीच आहे म्हणजेच दुबळा आहे, त्यालाच बळाची गरज आहे, रत्न त्यासाठीच असतं. दुसरं मत असं की व्ययात बसलेल्या ग्रहाला बळ दिलं तर तो व्ययच वाढवेल. तुमच्या बाबतीत मी पहिल्या मताकडे झुकते, त्याला एक वेगळं कारण आहे. उत्तराभाद्रपदाच्या तुमच्या चंद्रावरून सध्या केतूची महादशा येते. केतू तुमच्या भाग्यात, मकरेत आहे, आणि मकर शनीची. केतूला स्वतःची रास नाही, तो ज्याच्या घरात बसतो त्याचं फळ पुढे करतो. म्हणजे ही दशा शनीच्याच दारातून तुमच्याकडे येते आहे. शनीला आधार देण्यात अर्थ आहे, गुरूला सध्या नाही. तरीही मी लगेच नीलम चढवणार नाही. आधी नीली किंवा जमुनिया यांसारखं उपरत्न, म्हणजे मुख्य रत्नाच्या जागी घालायचा खडा, चांदीत दोन-तीन महिने घालायला सांगेन. त्याला खर्च फारसा येत नाही. कामावर, झोपेवर, घरातल्या वातावरणावर काही विपरीत दिसलं नाही, तर मग खऱ्या नीलमचा विचार. तो घ्यायचा झालाच तर आधी निळ्या कापडात बांधून तीन रात्री उशाशी ठेवायची आपली जुनी पद्धत आहेच, आणि चांगला जवाहिऱ्या तेवढ्यासाठी खडा नेऊ देतो.

साडेसातीचं म्हणाल तर शनी २०२५ च्या मार्चअखेर मीनेत आला, मीन राशीचा मधला टप्पा चालू आहे. साडेसातीसाठी म्हणून नीलम घालण्याची चाल मला पटत नाही. गोचरीसाठी, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणासाठी, शनिवार, मारुती, दान, नेमाने एखादं काम हे उपाय आहेत. रत्न लग्नावरून आणि दशेवरून ठरतं. मीन राशीच्या कर्क लग्नवाल्यालाही साडेसाती आहे, म्हणून त्याला अष्टमेशाचं रत्न द्यायचं का? शिवाय तुमचा लग्नेश शुक्र मीनेत उच्चीचा, लाभात बसलाय. कुणी घाबरवलं असेल तर हे आधी लक्षात ठेवा. ही पत्रिका पडकी नाही.

आता त्या दुकानातल्या खड्याबद्दल, कारण तुम्ही नाही घेतला तरी इतर कुणी हे वाचून घ्यायला जाईल.

दुकानाच्या एलईडीखाली कुठलाही निळा खडा राजस दिसतो. खडा उत्तरेच्या उजेडात, सकाळी दहा-साडेदहानंतर, दाराशी नेऊन बघा. पावसाळ्यात ढगाळ उजेडात निळा अधिक गडद वाटतो, हेही ध्यानात असू द्या. मग तो पांढऱ्या कागदावर पालथा, सपाट तोंड खाली करून ठेवा. शक्य असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात टाका, पेला पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरून पाहा. पाण्यात पैलूंची चमक मरते आणि रंग खरा कुठे बसलाय ते दिसतं. नैसर्गिक खड्यात रंगाच्या सीमा सरळ रेषांत असतात, कधी षटकोनाच्या कोपऱ्यासारख्या वळतात, कारण कुरुंदाचा स्फटिकच सहा बाजूंनी वाढतो. त्या पट्ट्या कमानीसारख्या वक्र दिसल्या, तर खडा ज्वालेत वितळवून केलेला असण्याची शक्यता मोठी. व्हर्नॉई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती पद्धत १९०२ मध्ये जगापुढे आणली. असा खडा रासायनिकदृष्ट्या कुरुंदच असतो, कडकपणातही तोच, त्यामुळे ओरखड्याच्या चाचणीने काही कळत नाही. रंगाची सीमा खड्याच्या आकाराला चिकटून, पैलूंच्या मागोमाग कडेकडेने फिरत असेल, तर रंग बाहेरून भट्टीत घुसवलेला आहे. आणि निळा-पिवळा भाग अगदी आरपार एका सपाट चिरेने तुटलेला, त्या चिरेत बारीक बुडबुडे, तर दोन तुकडे चिकटवलेले आहेत.

भट्टीचं थोडं सविस्तर सांगते, कारण "नॉन-हीट" (न तापवलेला) हा शब्द बाजारात फार सैल वापरला जातो. नीलम साधा तापवणं ही जुनी आणि उघड गोष्ट आहे. १९७० च्या दशकात श्रीलंकेतला दुधट, बिनकामाचा समजला जाणारा गेऊडा नावाचा कुरुंद थाई व्यापाऱ्यांनी उचलला आणि दीड हजार अंशांच्या वर तापवून त्याचा निळा नीलम केला. तापवलेला खडा खराच असतो, फक्त त्याची किंमत न तापवलेल्यापेक्षा बरीच कमी हवी. ज्योतिषासाठी तो चालतो का, यावर दोन मतं आहेत. माझ्या गुरुजींचं मत होतं की रंग मुळात दगडाच्या पोटातलाच असेल तर चालेल, बाहेरून घातलेला नको. मी तेच पाळते. बाहेरून घातलेला म्हणजे बेरिलियमचा खडा. साधारण २००१-०२ पासून थायलंडमधून बेरिलियम मुरवलेले पिवळे-नारिंगी खडे बाजारात आले आणि सुरुवातीला भल्या-भल्यांना ते ओळखता आले नाहीत. फिक्या निळ्या खड्याची कडा या पद्धतीने पिवळी करता येते, म्हणजे पीतांबरी बनवता येतो. बेरिलियम पक्कं पकडायला लेसरवर चालणारं महागडं यंत्र लागतं आणि ते प्रत्येक लॅबकडे नसतं. म्हणून पिवळा रंग गडद आणि भाव मोठा असेल तर लॅबला "डिफ्यूजन, म्हणजे बाहेरून मुरवलेला रंग, तपासलं का" हे स्पष्ट विचारा.

सर्टिफिकेट दुकानाच्या नावाचं नको. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारखी जुनी संस्था आहे, इतरही स्वतंत्र लॅब आहेत. कागदावर तीन गोष्टी शोधा: नैसर्गिक कुरुंद, रंग दुरंगी किंवा बाय-कलर, आणि तापवल्याच्या खुणांबद्दल काय लिहिलंय. "पीतांबरी" हा शब्द कागदावर असला-नसला तरी दगडाच्या खरेपणाशी त्याचा संबंध नाही. अमेट्रीन नावाचा जांभळा-पिवळा दगडही स्वस्तातला पीतांबरी म्हणून खपवतात. तो स्फटिकाच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या जातीचा, कुरुंद नव्हे. उपरत्न म्हणून सांगून विकला तर तक्रार नाही, नीलमच्या भावात विकला तर फसवणूक आहे. आणि "सिलोनचा" असं तोंडी सांगितलं म्हणून जादा पैसे देऊ नका. मादागास्करच्या इलाकाकाला १९९८ मध्ये मोठा साठा सापडला, तेव्हापासून तिथला माल श्रीलंकेच्या नावाने सर्रास फिरतो. दिसायला दोन्ही इतके जवळचे की नुसत्या डोळ्यांनी गाव ओळखणारा मला अजून भेटायचा आहे.

भावाचा हिशेब. तुम्हाला रत्तीत भाव सांगितलाय, सर्टिफिकेट कॅरटमध्ये येईल. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्ती मात्र एक नाही. सोनाराची रत्ती सुमारे १२१ मिलिग्रॅमची आणि खड्यांच्या बाजारातली सुमारे १८२ ची, म्हणजे ०.९१ कॅरट. रत्तीला बारा हजार म्हणजे कॅरटला तेरा हजारांच्या वर. सव्वासहा रत्ती म्हणजे साधारण ५.७ कॅरट आणि एकूण पंचाहत्तर हजार. दुकानदार "बारा हजार कॅरट" आणि "बारा हजार रत्ती" आलटून-पालटून बोलत असेल तर तिथेच थांबवा. बिल कॅरटमध्येच मागा. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: रत्नांच्या शुद्ध व्यापारात रंगाचे पट्टे हा उणेपणा धरतात, एकसारख्या निळ्या खड्याला भाव जास्त असतो. ज्योतिषाच्या नावावर मात्र दुरंगीला चढा भाव लागतो. उद्या विकायला गेलात तर पहिला नियम लागू होतो, दुसरा नाही. म्हणून आईची एफडी या खड्यासाठी मोडू नये, हे मी पत्रिका बाजूला ठेवूनही सांगितलं असतं.

कुणाच्या पत्रिकेला पीतांबरी खरंच लागू पडत असेल तर बोट आणि धातू हाही प्रश्न येतो, कारण शनीचं मधलं बोट आणि गुरूची तर्जनी. मी ज्या ग्रहाची दशा चालू आहे किंवा जो लग्नेश आहे त्याचं बोट धरते, वारही त्याचाच. खड्याची पाठ उघडी ठेवायची, त्वचेला स्पर्श हवा. वजन सव्वात घ्यायची आणि पाऊण टाळायची रीत आहे, ती मीही पाळते. पण सव्वासहाऐवजी सहा रत्तीचा निर्दोष खडा मिळत असेल तर मी निर्दोष घेईन.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे वरचं सगळं उत्तर बदलू शकतं. तुम्ही वेळ आठ पन्नास लिहिली आहे. एप्रिलच्या त्या दिवसांत मुंबईला वृषभ लग्न पावणेनऊच्या सुमारास लागतं. म्हणजे तुमचं लग्न वृषभेच्या पहिल्या एक-दोन अंशांतच आहे, आणि एक अंश सरकायला साधारण चार मिनिटं लागतात. आठ पन्नासची खरी वेळ आठ चाळीस असली तर लग्न मेष होतं. मग तोच गुरू भाग्येश होऊन लग्नात बसतो, शनी दशमेश-लाभेश होऊन त्याच्या शेजारी, आणि लग्नेश मंगळ स्वतःच्या घरात. तेव्हा तुमच्या ज्योतिषांचा सल्ला बराचसा योग्य ठरतो. त्यांनी कदाचित मेष लग्न धरूनच सांगितलं असेल, त्यांना विचारा. तरीही मी सुरुवात नुसत्या पुष्कराजाने करेन, कारण मेषेला लग्नातला नीच शनी लगेच जागवायची मला घाई वाटत नाही. पण पीतांबरी त्या पत्रिकेत विचारात घेण्यासारखा नक्की आहे.

तेव्हा दुकानात टोकन देण्याआधी आईला विचारा, ही आठ पन्नासची वेळ आली कुठून. घड्याळ कुणी पाहिलं, प्रसूतिगृहातल्या बाईंनी सांगितली की आजीने नंतर अंदाजाने? जन्मदाखल्यावर बहुधा वेळ नसते. प्रसूतिगृहाचं डिस्चार्ज कार्ड किंवा बाळाच्या लसींची जुनी वही घरात कुठे असेल तर काढा, त्यावर बऱ्याचदा मिनिटासकट वेळ लिहिलेली असते. कार्ड नसेल तर शिक्षणातले, नोकरीतले, घरातल्या आजारपणाचे, घर बदलल्याचे पाच-सहा ठळक प्रसंग महिना-वर्षासह लिहून पाठवा. त्यांवरून लग्न वृषभ की मेष हे ताडून पाहता येईल. खडा दुकानात आठ दिवस थांबतो, आणि नाहीच थांबला तर झवेरी बाजारात दुसरा मिळतो.